पोटावरची पिशवी

कोलंबियाची राजधानी बोगोटा इथल्या सान हुआन दे दिओस रुग्णालयात १९८४ साली ओस्वाल्दो बोर्राएस हे निवासी सर्जन होते. पोटाला जबर मार लागलेल्या एका रुग्णाचे पोट शस्त्रक्रियेनंतर मिटवता येईना. तेव्हा त्यांनी सलाईनची प्लास्टिकची पिशवी कापून सपाट केली आणि तिच्या कडा जखमेच्या कडांना टाके घालून जोडल्या. पुढे अमेरिकी सर्जनांनी ही युक्ती उचलली आणि 'बोगोटा बॅग' हे नाव जगभर रुळले; कोलंबियात मात्र ती 'बोर्राएसची पिशवी' म्हणूनही ओळखली जाते. ही गोष्ट बहुधा गरिबाघरचा जुगाड म्हणून सांगितली जाते. ते मला पटत नाही. उघडे पोट झाकायची सोय त्याआधीही होतीच. युद्धातल्या जखमांबद्दल लिहिताना ब्रिटिश सर्जन ऑगिल्वी यांनी १९४० मध्येच व्हॅसलीन लावलेले जाड सुती कापड सुचवले होते. पिशवीने त्यात दोन गुणांची भर घातली: ती आतड्याला चिकटत नाही आणि तिच्यातून आत दिसते. आतडे गुलाबी आहे की काळपट पडू लागले आहे, पू साचतो आहे का, हे खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरला टाका न उसवता कळते.

तरीही खरी नवलाई प्लास्टिकची नव्हे, पोट न मिटवताच रुग्णाला शस्त्रक्रियागृहातून बाहेर आणण्याच्या निर्णयाची होती. फुटलेल्या आतड्यातून मैला पोटात पसरला, तर मूळ छिद्र बंद करून घाण काढल्याशिवाय नुसत्या औषधांनी भागत नाही, हे जर्मन सर्जन किर्शनर यांनी १९२६ मध्येच दाखवले होते. पण एकदा पोट उघडले की काम पुरे करून ते शिवूनच थांबायचे, हा शिरस्ता कायम राहिला. सुजलेली आतडी बळेच आत कोंबली की पोटातला दाब वाढतो, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटून लघवी कमी होते, श्वासपटल वर ढकलले जाऊन श्वास कोंडतो. हा दाब मूत्राशयातल्या नळीतून मोजून पोट पुन्हा उघडायचे का ते ठरवण्याची रीत अमेरिकेतल्या क्रॉन आणि सहकाऱ्यांनी मांडली, तीही १९८४ मध्येच. झाकण आणि मोजमाप एकाच वर्षी मिळाले, हा मोठा योगायोग.

यावर आक्षेप असा, की जंतुसंसर्गाने पोटात पू झालेल्या रुग्णाला उघड्या पोटाचा फायदा होतो याला पुरावा कुठे आहे? आक्षेपात दम आहे. मेक्सिकोतली २००७ ची चाचणी ४० रुग्णांवरच थांबवली गेली: पोट उघडे ठेवलेल्यांपैकी ५५ टक्के दगावले, मिटवलेल्यांपैकी ३० टक्के. संख्या इतकी लहान, की हा फरक निर्णायक मानता येत नाही. शिवाय तिथे जाळी वापरली होती, पिशवी नव्हे, असे समर्थक म्हणतील. पण जाळीला दोष देऊन भागणार नाही. पुन्हा आत पाहता यावे म्हणूनही पोट उघडे ठेवले जाते; आणि त्याच वर्षीच्या नेदरलँड्समधल्या २३२ रुग्णांच्या चाचणीत ठरलेल्या वेळी पुन्हा पोट उघडण्याने गरजेपुरते उघडण्यापेक्षा जास्त जीव वाचले नाहीत. मला यातून पिशवीची निरुपयोगिता दिसत नाही. तिच्या स्वस्ताईचा धोका दिसतो. हाताशी आहे म्हणून ती लावली जाते. दाब वाढलेला असेल, आतडे जगेल की नाही याची शंका असेल किंवा रुग्णाला लांबलेली शस्त्रक्रिया सोसणार नसेल, तेव्हाच ती लावावी. ती द्रव शोषत नाही, पोटाच्या भिंतीला ओढून धरत नाही. ते काम पुढे निर्वात पंपाच्या आवरणांनी घेतले. आणि आवरण कुठलेही असो, आठवडाभरात पोट मिटले नाही तर भिंतीच्या कडा आक्रसतात, आतड्याला भोक पडून फिस्टुला (आतड्यातून जखमेत उघडणारी वाट) होण्याचा धोका वाढतो आणि मागे राहतो तो मोठा हर्निया.