जीवामृत खरंच हजारो वर्षं जुनं आहे का?

आपल्या नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आता अहिल्यानगरमधल्या, डाळिंबवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज कायम फिरतो: जीवामृत ही हजारो वर्षांची परंपरा, आणि ते तेल्यावरही चालतं. माझ्या चुलतभावाने तो वाचून बोर्डो मिश्रण बंद केलं. पावसाळ्यात अर्ध्याहून जास्त फळांवर डाग पडले, व्यापारी बागेतून तसाच परत गेला. म्हणून आज ही परंपरा जरा तपासू.

खरंच जुनं आहे ते कुणपजल. साधारण १,००० वर्षांपूर्वीच्या सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’त त्याची कृती आहे. ही पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीत होती. डॉ. य. ल. नेने यांनी ती मिळवली, नलिनी साधले यांनी इंग्रजीत आणली, १९९६ मध्ये ती छापली गेली. पण त्यात काय घालायचं? प्राण्यांचं मांस, चरबी, मज्जा शिजवायची, मग तिळाची पेंड, मध, उडीद, तूप घालून आंबवायचं. आता हे आणि आपलं जीवामृत एकच, असं कोण म्हणेल?

पुढचा टप्पा इंदूर. चौंडीच्या अहिल्यादेवी ज्या होळकरांच्या घरात गेल्या, त्यांच्याच संस्थानात १९२४ ते १९३१ अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. १९३१ च्या पुस्तकावर त्यांच्यासोबत यशवंत वाड यांचंही नाव आहे. असं पिकलेलं कंपोस्ट कापडी पिशवीतून पाण्यात सोडून, पंपाने हवा देत एक-दोन दिवस ठेवलं, की झाला कंपोस्ट टी.

आणि जीवामृत? ते अमरावतीच्या सुभाष पाळेकरांचं, म्हणजे आपल्या आई-वडिलांच्या पिढीतलं. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. सावलीत ४८ तास. गंमत म्हणजे पाळेकरांचा कंपोस्ट खतालाच विरोध!

यात नत्र किती? एकरी फार तर काहीशे ग्रॅम. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २० किलोंहून जास्त असतं. म्हणजे हे खत कमी आणि विरजण जास्त: गूळ-बेसन खाऊन जिवाणू वाढतात, ते मातीत जातात. मातीसाठी घाला की! पण तेल्या हा जिवाणूंचाच रोग आहे. त्याला रोगट फांद्या छाटून जाळणं, कात्री निर्जंतुक करणं आणि वेळेवर बोर्डो, हे सोडून चालत नाही.

जुनं आहे म्हणून खरं नाही, आणि नवं आहे म्हणून खोटंही नाही. चार ओळींना जीवामृत द्या, शेजारच्या चार तशाच ठेवा, बाकी सगळं सारखं करा आणि वहीत लिहा. मग ग्रुपवर मेसेजऐवजी त्या पानाचा फोटो टाका.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!