सर्पभय, शस्त्रपरवाना आणि सेवाग्रामचा चिमटा : एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना

रानावनात पायी हिंडताना सापापासून बचाव व्हावा म्हणून रिव्हॉल्व्हरमध्ये बारीक छर्‍यांची काडतुसे भरून नेण्याचा प्रघात अमेरिकेत आढळतो. ‘स्नेक शॉट’ या नावाने ओळखली जाणारी ही काडतुसे एका गोळीऐवजी अनेक छर्रे फेकतात आणि अवघ्या काही पावलांच्या अंतरापर्यंतच परिणामकारक ठरतात. वर्धा जिल्ह्यात कपाशी-तुरीच्या वावरातून जाणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती मात्र काठी आणि कंदील, अलीकडे बॅटरी, एवढेच साधन राहिले आहे. या भेदामागील कायदेविषयक व वैचारिक कारणांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शस्त्रकायदा आणि सर्पदंश

1872 मध्ये जोसेफ फेरर यांचा भारतातील विषारी सापांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. याच कालखंडात सर्पदंशाने होणाऱ्या मृत्यूंची नोंद ठेवणे व साप मारणाऱ्यास बक्षीस देणे हे ब्रिटिश सरकारचे धोरण होते. दुसरीकडे 1878 च्या शस्त्रकायद्याने सामान्य भारतीयास परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई केली. या कायद्याखालील नियमांनी युरोपियनांना दीर्घकाळ सवलत दिली होती. सारांश, साप मारण्यास उत्तेजन देणारे शासनच प्रजेच्या हाती बंदूक देण्यास तयार नव्हते. मध्यप्रांतात समाविष्ट असलेला वर्धा जिल्हा यास अपवाद नव्हता.

हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हता, तर तो राष्ट्रीय स्वाभिमानाचाही होता. महात्मा गांधींनी जानेवारी 1930 मध्ये मांडलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणार्थ बंदुकीचे परवाने लोकनियंत्रणाखाली मिळावेत, ही मागणी अंतर्भूत होती. अहिंसेच्या प्रवर्तकाने ती करावी, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

आश्रमीय प्रयोग

30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी वर्ध्याजवळील शेगाव येथे राहावयास आले. 1940 मध्ये या गावास सेवाग्राम हे नाव मिळाले. परिसरात सापांचा वावर होता आणि गांधीजींचा सकाळ-सायंकाळ फिरण्याचा नेम होता. तथापि आश्रमाने स्वीकारलेले साधन वेगळे होते. साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि पकडलेला साप ठेवण्याचा पिंजरा आजही आश्रमात पाहावयास मिळतो. पकडलेला साप वस्तीपासून दूर नेऊन सोडला जाई.

या प्रघातास पूर्वपीठिका होती. फिनिक्स, टॉलस्टॉय फार्म व साबरमती येथे साप न मारण्याचा नियम बहुतांशी पाळला गेला आणि सुमारे पंचवीस वर्षांत सर्पदंशाने एकही जीव गेला नाही, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. मात्र हा नियम आंधळा नव्हता. 1910 मध्ये स्थापन झालेल्या टॉलस्टॉय फार्मवर हर्मन कॅलनबाख यांच्या खोलीत, पकडणे वा हुसकणे अशक्य अशा जागी साप आढळला, तेव्हा तो मारण्यास गांधीजींनी अनुमती दिली होती. विषारी व बिनविषारी साप ओळखता यावेत यासाठी कॅलनबाख यांनी सापांवरील पुस्तकेही जमविली होती. अर्थात, श्रद्धेला निरीक्षणाची जोड होती.

यावरून 1930 ची मागणी आणि 1936 नंतरचे आचरण यांत विसंगती नाही, असे म्हणता येते. शस्त्र बाळगण्याचा हक्क नाकारला जाणे हा परतंत्रतेचा अपमान होता. हक्क मिळाल्यावर शस्त्र वापरावे की नाही, हा सर्वस्वी निराळा, विवेकाचा प्रश्न होता.

स्वातंत्र्योत्तर स्थिती

1959 च्या शस्त्र अधिनियमाने परवान्याची अट कायम ठेवली, पण वांशिक भेदाला त्यात स्थान उरले नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने वन्यप्राण्यांना संरक्षण दिले. तथापि सद्हेतूने, स्वतःच्या वा दुसऱ्याच्या बचावासाठी केलेली हत्या त्यातील कलम 11 नुसार गुन्हा ठरत नाही.

दरम्यान संरक्षणाचे केंद्र शस्त्राकडून औषधाकडे सरकले. 1969 मध्ये सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. विषारी दंशावर प्रतिसर्पविष हाच मान्य उपचार आहे आणि तो वेळेत मिळणे निर्णायक असते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000 मृत्यू झाले. त्यांपैकी सुमारे निम्मे जून ते सप्टेंबर या महिन्यांतील होते. हेच दिवस निंदण-खुरपणाचे असतात.

निष्कर्ष

अंधारात वा तणात पाय पडताच होणाऱ्या दंशापुढे काडतूस निरुपयोगी ठरते, कारण साप दिसण्यापूर्वीच दंश झालेला असतो. पायांत बूट, हाती बॅटरी, सापाची ओळख आणि जवळच्या रुग्णालयात प्रतिसर्पविषाचा साठा ही शेतकरी व शेतमजुराची खरी गरज आहे. आश्रमातील चिमटा केवळ दर्शनीय वस्तू म्हणून पाहिला जातो. वास्तविक, ज्ञान व सावधगिरी यांच्या बळावर भयाचा सामना करण्याच्या परंपरेचे ते ऐतिहासिक साधन आहे. ही परंपरा आश्रमाच्या कुंपणाबाहेर वावरापर्यंत कितपत पोहोचली, याचा अभ्यास जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासात अगत्याने व्हावयास हवा.