किहीमची सुगरण ते पारलिंगी स्त्रियांचा संप्रेरकोपचार : देहबदलाच्या ज्ञानाचा ऐतिहासिक मागोवा

रायगड जिल्ह्यातील अलिबागजवळचे किहीम हे समुद्रकाठचे गाव भारतीय पक्षिशास्त्राच्या इतिहासात एका विशिष्ट कारणाने नोंदले गेले आहे. जर्मनीतील प्रशिक्षण आटोपून परतलेल्या व त्या वेळी नोकरी नसलेल्या सालिम अली यांनी १९३० च्या पावसाळ्यात येथे सुगरण पक्ष्याच्या विणीचे बारकाईने निरीक्षण केले आणि १९३१ मध्ये ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. घरटे नर विणतो, मादी अर्धवट घरट्याची पाहणी करून ते पसंत वा नापसंत करते, आणि ती स्थिरावताच नर दुसऱ्या घरट्याच्या उद्योगाला लागतो, असे त्यांना आढळले. मराठी भाषेने मात्र या पक्ष्याला स्त्रीलिंगी नाव दिले. बहिणाबाई चौधरी यांच्या प्रसिद्ध कवितेतही खोपा बांधते ती मादीच. निसर्गातील लिंगभेदाविषयी समाज जे गृहीत धरतो ते निरीक्षणाच्या कसोटीस उतरतेच असे नाही.

याच पक्ष्याने पुढे आणखी एक धडा दिला. विणीच्या हंगामात नराच्या माथ्यावर चढणारा पिवळा रंग हा वृषणग्रंथींचा परिणाम असावा, असे कोणासही वाटेल. परंतु विणकर पक्ष्यांवर एमिल विची यांनी अमेरिकेत १९३० च्या दशकात केलेल्या आणि नंतर बनारस हिंदू विद्यापीठात जे. पी. थपलियाल यांनी सुगरणीवर केलेल्या संशोधनातून निराळेच चित्र पुढे आले. वृषण काढलेल्या नरासही तो पिसारा येतो, कारण त्याचे नियंत्रण मस्तिष्काच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडे आहे. कोंबड्याच्या बाबतीत ए. ए. बर्थोल्ड यांनी १८४९ मध्येच गटिंगेन येथे दाखविले होते की वृषण काढल्यास तुरा खुरटतो व ग्रंथी पुन्हा पोटात बसविल्यास तो टिकतो. म्हणजे ‘नरत्वाचे चिन्ह’ हा एकच गठ्ठा नाही. प्रत्येक चिन्हाचा धनी वेगळा असू शकतो. पक्ष्यावरून माणसाविषयी थेट अनुमान काढणे अर्थातच धोक्याचे आहे. तरीही संप्रेरकोपचार घेणाऱ्या पारलिंगी स्त्रियांना स्वतःच्या देहात जे आढळते त्याचे मर्म याच तत्त्वात आहे.

हिजडा समाजातील ‘निर्वाण’ विधीने या तत्त्वाचा एक भाग शतकानुशतके अनुभवास आणला होता. प्रौढ वयात वृषण गेल्यावर कामेच्छा मंदावते, अंगावरील केस विरळ होतात. परंतु दाढी पूर्णपणे जात नाही, फुटलेला आवाज परत कोवळा होत नाही आणि स्तनांची वाढही होत नाही. अभाव निर्माण करता येत होता, भर घालता येत नव्हती. ही भर १९२९ नंतर शक्य झाली. त्या वर्षी एडवर्ड डॉयझी व अडॉल्फ बुटेनान्ट यांनी स्वतंत्रपणे इस्ट्रोन वेगळे केले. १९३८ मध्ये बर्लिनमध्ये एथिनिल इस्ट्राडिऑल हे तोंडाने घेता येण्याजोगे द्रव्य तयार झाले. डिसेंबर १९५२ मध्ये जगभर गाजलेल्या ख्रिस्तीन जॉर्गेनसन हिने कोपनहेगनच्या डॉ. ख्रिस्तियान हांबुर्गर यांच्याकडे जाण्यापूर्वी हीच गोळी स्वतःहून घेण्यास आरंभ केला होता. वैद्याआधी गोळी, हा क्रम या इतिहासाच्या प्रारंभापासूनचा आहे. हॅरी बेंजामिन यांचा पायाभूत ग्रंथ त्यानंतर, १९६६ मध्ये आला.

उपचारातील बदलांचे वेळापत्रक आज बरेच निश्चितपणे सांगता येते. पहिल्या एक ते तीन महिन्यांत कामेच्छा व सकाळचे उत्स्फूर्त ताठरपण कमी होते. तीन ते सहा महिन्यांत त्वचा मऊ व कमी तेलकट होते, स्नायूंचे बळ घटते, चरबी नितंब व मांड्यांकडे साचू लागते. स्तनाग्रांखाली लहानशी, दुखरी गाठ हाताला लागते. बसच्या गर्दीतील साधा धक्काही तेव्हा असह्य होतो, आणि अनेकींना त्या दुखण्याचाच आनंद होतो. स्तनांची वाढ पूर्ण होण्यास दोन ते तीन वर्षे लागतात व ती बहुधा अपेक्षेहून कमी असते. अंगावरील केस सावकाश बारीक होतात. दाढीसाठी मात्र लेझर अथवा विद्युत्‌विच्छेदन लागते. आवाज व उंची यांत फरक पडत नाही. प्रजननक्षमता कायमची जाण्याची शक्यता असल्याने वीर्य गोठवून ठेवण्याचा निर्णय आधीच घ्यावा लागतो. ही गोष्ट फार थोड्या जणींना वेळेवर सांगितली जाते.

भारतात या उपचाराचे सर्वांत सुलभ साधन म्हणजे कुटुंबनियोजनाची गोळी. ‘माला-डी’ मध्ये ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडिऑल व ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असते. यांतील दुसरे द्रव्य काही अंशी पुरुषी संप्रेरकासारखेच वागते. पुरुषी संप्रेरकास रोखणारे औषध तीत नाही. बदल लवकर दिसावा म्हणून दिवसाला अनेक गोळ्या घेतल्या की धोका वाढतो तो रक्ताच्या गुठळ्यांचा. आम्स्टरडॅम येथील १९८९ च्या अभ्यासात ३०३ पारलिंगी स्त्रियांमध्ये गुठळ्यांचे प्रमाण अपेक्षेच्या ४५ पट आढळले होते. त्यानंतर तेथे चाळिशीपुढील स्त्रियांना त्वचेवाटे इस्ट्राडिऑल देण्याकडे कल वळला. ज्या द्रव्यास जाणकार वैद्यक मागे सारत गेले, तेच गरीब पारलिंगी स्त्रीच्या हाती उरावे, ही या इतिहासातील सर्वांत क्लेशकारक बाब म्हणावी लागेल.

कायद्याची वाटचाल उशिरा झाली. मे २०१२ मध्ये, शस्त्रक्रिया करून घेऊ इच्छिणाऱ्या एका सज्ञान व्यक्तीच्या याचिकेवर, असा निर्णय घेण्यास कोणताही कायदा आड येत नाही, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतली. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ खटल्यात स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या अधिनियमातील कलम १५ ने शासनावर शस्त्रक्रिया, संप्रेरकोपचार व त्यांच्या आधी व नंतर समुपदेशन उपलब्ध करण्याची जबाबदारी टाकली. परंतु संप्रेरकोपचार म्हणजे वर्षानुवर्षे चालणारी रक्ततपासणी, यकृताची व हाडांची देखरेख. त्यासाठी अंतःस्रावी ग्रंथींचा तज्ज्ञ लागतो, आणि असे तज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांतच आढळतात. गावाकडच्या पारलिंगी स्त्रीला त्यासाठी दर खेपेस दिवसाची मजुरी सोडून मुंबई वा पुणे गाठावे लागते. ‘माला-डी’ मात्र गावातल्या औषधाच्या दुकानातही चिठ्ठीवाचून मिळते.