रेडिओचा हिरवा डोळा

१/८
जुन्या व्हॉल्व्हच्या अनेक रेडिओंवर एक हिरवा डोळा असे. केंद्र नेमके लागले की त्यातील काळी सावली आक्रसत जाई. ‘मॅजिक आय’ या नावाने ओळखला जाणारा हा डोळा शोभेसाठी नव्हता. येणारा संदेश किती प्रबळ आहे, हे तो दाखवीत असे.

२/८
आरंभी हे मोजमाप कानावर सोपवलेले होते. १९०९-१० च्या सुमारास अमेरिकी नौदलाला दूर पल्ल्याचे बिनतारी केंद्र हवे होते. लुई ऑस्टिन यांनी मॅसॅच्युसेट्समधील ब्रँट रॉक केंद्र आणि ‘सेलम’ व ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौका यांच्यामधील संदेश मोजले.

३/८
रीत साधी होती. हेडफोनला समांतर एक बदलता रोध जोडायचा. रोध कमी केला की अधिक प्रवाह त्या वाटेने निघून जातो आणि आवाज मंदावतो. आवाज लुप्त होण्याच्या सीमेवर रोध जितका कमी, तितका संदेश प्रबळ.

४/८
या मोजणीतून अंतर आणि संदेशाची क्षीणता यांचे नाते सांगणारे ऑस्टिन-कोहेन सूत्र निघाले. उणीव एकच: मोजपट्टी माणसाचा कान होती. श्रोता बदलला वा खरखर वाढली की आकडाही बदले.

५/८
पुढे घरोघरी रेडिओ आला. जवळचे केंद्र कर्कश वाजे, दूरचे मधेच विरून जाई. १९२५ मध्ये तरुण अभियंता हॅरॉल्ड व्हीलर यांनी उपाय शोधला. डायोड, रोध आणि कंडेन्सर यांच्या साहाय्याने त्यांनी संदेशाच्या प्रबळतेनुसार वाढणारे ऋण व्होल्टेज मिळवले. तेच आधीच्या व्हॉल्व्हना देताच प्रबळ संदेशाचे वर्धन आपोआप घटू लागले.

६/८
१९२९ मध्ये फिल्कोच्या रेडिओत ही सोय आली आणि नवीच अडचण उभी राहिली. केंद्र किंचित बाजूला लागले तरी आवाज तेवढाच राही, फक्त बिघडलेला येई. नेमके केंद्र शोधण्याचा कानाचा जुना आधार सुटला.

७/८
उत्तर त्याच मंडलात होते. पारडे समतोल करण्यासाठी किती वजने टाकली, यावरून मालाचे वजन कळते. तसेच आवाज समान राखणाऱ्या व्होल्टेजवरून संदेशाची प्रबळता कळते.

८/८
१९३५ मध्ये आरसीए कंपनीने आणलेल्या ६ई५ या व्हॉल्व्हला हेच व्होल्टेज दिले जाई आणि डोळ्यातील सावली त्यानुसार मिटे. हा अंदाजच होता. दोन रेडिओंचे डोळे एकाच केंद्रावर सारखे मिटतीलच असे नव्हे. परंतु आवाजातील भेद पुसण्यासाठी योजलेल्या मंडलानेच तो भेद डोळ्यांना दाखवला.