तबकडीतले गाव

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी आणि दफ्तरे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. तीन मिनिटे वाजणाऱ्या तबकडीला त्या पंक्तीत पाट मांडावा, असे सहसा कोणाला सुचत नाही. अमेरिकेतील मिसिसिपी जॉन हर्ट या कृष्णवर्णी शेतमजूर गायकाची हकीकत ऐकली म्हणजे तो मांडावाच लागतो.

हर्ट मिसिसिपीतील आव्हलॉन या खेड्यात राहून शेतावर राबे. विली नार्मर या गोऱ्या फिडलवादकाच्या साथीला तो कधीकधी गिटार घेऊन बसे. नार्मरच्याच शिफारशीवरून ओके कंपनीने १९२८ साली प्रथम मेंफिस येथे व नंतर न्यूयॉर्क येथे त्याची गाणी मुद्रित केली. कंपन्यांच्या याद्यांत काळ्यांचे संगीत निराळे आणि गोऱ्यांचे निराळे. माणसामाणसांतली भिंत भक्कमच होती, सूर मात्र तिला जुमानीत नव्हते.

या मुद्रिकांत आक्रोश नाही. अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरतो, बोटे वरच्या तारांवर चाल वाजवितात, आणि आवाज शेजाऱ्याशी बोलावे तितका हळू. ‘स्पाइक ड्रायव्हर ब्लूज’मधील रेल्वेमजूर हातोडा टाकून चालता होतो, पण तो बंडदेखील हर्ट आवाज न चढविता सांगतो. त्या संयमातच गाण्याचे बळ आहे.

१९२९ नंतरच्या मंदीत धंदा बसला आणि हर्ट पुन्हा शेतावरच राहिला. १९५२ साली हॅरी स्मिथने आपल्या लोकसंगीत-संग्रहात त्याची दोन गीते घेतली. पुढे ‘आव्हलॉन ब्लूज’मधील गावाच्या नावावरून माग काढीत टॉम हॉस्किन्स १९६३ साली त्याच्या दारी पोहोचला. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात हजारोंनी त्याला ऐकले. बोटे ती चाल विसरली नव्हती. १९६६ साली तो वारला.

लोक याला ‘शोध’ म्हणतात. पण हरवला होता कोण? गावाला तो ठाऊकच होता. त्याला विसरला होता तो बाजार. मेंफिसला मुद्रित केलेल्या आठ गीतांपैकी दोनच विक्रीस आली. म्हणजे तबकडी हे साधन खरे, पण तिच्यात काय उरावे हे दुकानदाराने ठरविलेले. उरलेले ऐकताना न उरलेल्याचीही गणती ठेवावी, एवढा विवेक इतिहासाच्या अभ्यासकाने बाळगलाच पाहिजे.