बिल्टीवरचे नाव, बिल्टीवरचे भाडे

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एकच मालमोटार होती. जिल्ह्याच्या गावातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीला ती ‘अटॅच’ होती. गाडी, डिझेल, टायर, फायनान्सचा हप्ता आणि रात्रीची जागरणे अण्णांची. माल मिळवणे, बिल्टी फाडणे आणि कारखान्याकडून भाडे वसूल करणे कंपनीचे. १९८० नंतरच्या वर्षांतली गोष्ट. एका कारखान्यात माल भरून ताडपत्री बांधणे चालू होते, तेव्हा तिथल्या डिस्पॅच क्लार्कने अण्णांना बाजूला घेतले. “अण्णा, तुमच्या शेठला आम्ही किती देतो आणि तुमच्या हातात किती पडतात, कधी विचारलंत का? पुढच्या महिन्यापासून थेट आमच्याकडे या. तुमचंही भलं, आमचंही.”

अण्णा म्हणाले, “साहेब, आधी इकडचा हिशेब मिटवतो. मग येतो.”

हे उत्तर शहाणपणाचे होते की भाबडेपणाचे, यावर आमच्या घरात पुढे अनेक वर्षे वाद झाला. ज्या कंपनीच्या बिल्टीवर आपण माल वाहतो, तिचेच गिऱ्हाईक आपण परस्पर मागावे का? गिऱ्हाईक कोणाचे असते? शोध घेऊ लागलो तेव्हा लक्षात आले, की हा वाद आमच्या घरापुरता नाही. वाहतुकीच्या धंद्याच्या इतिहासातून तो सतत वाहत आला आहे.

हुंडेकरी : मधला माणूस कशासाठी होता?

हुंडेकरी हे आडनाव महाराष्ट्रात आजही भेटते. आज हुंडा म्हटले की लग्नातले देणेघेणे आठवते. पण व्यापारी भाषेत हुंडा म्हणजे ठोक रकमेचा करार. माल अमुक गावाहून तमुक गावी पोचवायचा, वाटेतल्या साऱ्या जकाती, नाके, नावाडी, खर्च त्यातच आला, अशा बोलीने जे भाडे ठरे ते हुंडेभाडे, आणि ते घेणारा तो हुंडेकरी.

पेशवाईतल्या व्यापाऱ्याला या माणसाची गरज का पडली, हे समजायला अवघड नाही. मालावर जकात एकदाच द्यावी लागत नसे. परगण्यापरगण्याला नाके होती, त्यांचे दर वेगळे होते आणि वसुली पुष्कळदा मक्त्याने दिलेली असे. बैलावर कापड लादून निघालेल्या व्यापाऱ्याने प्रत्येक नाक्यावर घासाघीस करायची म्हटली, तर माल पोचेपर्यंत हंगाम संपावा. हुंडेकऱ्याचे जकातदारांशी खाते असे. त्याच्या शब्दावर माल सुटे आणि हिशेब मागाहून होई. पेशवाई बुडाल्यानंतर आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनाही ही व्यवस्था नोंदवून ठेवावीशी वाटली.

बैलवाला आणि हुंडेकरी यांचे नाते इथे नीट पाहायला हवे. बैलवाल्याकडे बळ होते, वाट माहीत होती. पण नाक्यावर पत नव्हती. तो व्यापाऱ्याला ‘थेट माझ्याकडे या’ म्हणाला असता, तरी पहिल्याच चौकीवर अडकला असता. हुंडेकऱ्याचा हक्क कोणत्या कागदाने राखलेला नव्हता. तो देत असलेल्या सेवेनेच राखला होता.

१८३० साली भोर घाटातला गाडीरस्ता खुला झाला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातली अंतर्गत जकात उठली. १८६३ साली रेल्वे घाट चढून वर आली. नाकीच गेली, तेव्हा नाक्यांवरची पत कोणाला विकणार? हुंडेकऱ्याच्या धंद्याचा पायाच सरकला. इथे कोणी कोणाचे गिऱ्हाईक पळवले नव्हते. मधल्या माणसाचे कारण संपले होते. हा पहिला धडा पुढे उपयोगी पडेल.

१८७२ : एकाच कायद्याची दोन तोंडे

पुढचा टप्पा कायद्याचा. भारतीय करार कायदा १८७२ साली आला आणि आजही तोच चालू आहे. त्याचे कलम २७ सांगते, की कोणालाही कायदेशीर व्यवसाय, उद्योग वा व्यापार करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल असतो. धंद्याची पत, म्हणजे गुडविल, विकणाऱ्याचा अपवाद तेवढा कायद्याने ठेवला. १८७४ साली कलकत्त्यात याची कसोटी लागली. एकाच भागात धंदा करणाऱ्या दोन कासारांपैकी एकाने दुसऱ्याला पैसे देऊ करून दुकान बंद करायला लावले आणि पैसे दिले नाहीत. दुसरा कोर्टात गेला. कोर्टाने करारच रद्दबातल ठरवला. बंदी थोड्या भागापुरती असली तरी ती बंदीच, असा त्या निकालाचा अर्थ.

एवढेच वाचले तर वाटेल, गिऱ्हाईक ज्याला मिळेल त्याचे. पण त्याच कायद्यात कलम २१५ आणि २१६ आहेत. मालकाचे काम करणाऱ्या अभिकर्त्याने मालकाला अंधारात ठेवून त्याच कामात स्वतःचा धंदा साधला, तर झालेला लाभ मालक मागू शकतो. कायद्यातले उदाहरणच बोलके आहे : एखादे घर विकत घे म्हणून सांगितलेला माणूस ‘ते मिळत नाही’ असे कळवतो आणि गुपचूप स्वतःसाठी घेतो; मालक ते घर त्याच किमतीला आपल्याला द्यायला लावू शकतो.

म्हणजे कायदा एका हाताने धंद्याचे स्वातंत्र्य देतो आणि दुसऱ्या हाताने विश्वासघात रोखतो. गिऱ्हाईक ही मालमत्ता नव्हे, पण गिऱ्हाईकापर्यंत नेणारा विश्वास ही ठेव आहे.

दूधवाला आणि कोंबडीवाला

ही सीमारेषा नेमकी कुठे ओढायची, हे दोन इंग्रजी खटल्यांतून फार स्पष्ट होते. दोन्ही दारोदार माल पोचवणाऱ्यांचे आहेत.

पहिला १९३५ चा. वेसेक्स डेअरीज या कंपनीचा एक दूधवाला नोकरी सोडणार होता. कामाच्या शेवटच्या दिवशी, कंपनीचेच दूध घालत फिरताना, त्याने गिऱ्हाइकांना सांगून टाकले की आता मी स्वतःचा धंदा सुरू करतो आहे, दूध मीही देऊ शकेन. अपील न्यायालयाने निकाल त्याच्याविरुद्ध दिला. दुसऱ्या दिवशी त्याच दारावर तो खुशाल जाऊ शकला असता. पण कंपनीच्या वेळात, कंपनीच्या फेरीवर असताना कंपनीचे गिऱ्हाईक स्वतःसाठी मागणे हा निष्ठेचा भंग ठरला.

दुसरा खटला १९८६ मध्ये अपिलात निकाली निघाला. फॅसेंडा चिकन या कंपनीच्या विक्री व्यवस्थापकाने शीतपेटीच्या व्हॅनमधून ताज्या कोंबड्या विकण्याची पद्धत तिथे उभी केली होती. पुढे त्याने कंपनी सोडून त्याच भागात तसाच धंदा काढला आणि जुने काही सहकारीही त्याच्याकडे गेले. कोणत्या रस्त्याने जायचे, कोणाला काय लागते, कोणत्या वारी लागते, भाव काय, हे सारे त्यांच्या डोक्यात होते. कंपनी हरली. काम करता करता डोक्यात साठलेली अशी माहिती सोडून गेलेल्या माणसाला वापरता येते. खरी व्यापारी गुपिते तेवढी वेगळी.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाची दिशाही फार वेगळी नाही. १९६७ साली, कल्याणच्या टायर कॉर्ड कारखान्यातून मुदतीआधीच निघून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या खटल्यात, कराराच्या मुदतीतली बंदी न्यायालयाने वैध मानली. १९८० साली सुपरिंटेंडन्स कंपनीच्या खटल्यात, नोकरी गेल्यानंतरची बंदी माजी कर्मचाऱ्यावर लादू दिली नाही, न्यायमूर्ती ए. पी. सेन यांनी तर अशी बंदी कलम २७ खाली रद्दबातल असल्याचे स्वतंत्रपणे लिहिले.

पण हे सारे नोकर होते. अण्णा नोकर नव्हते. स्वतःच्या गाडीचा हप्ता स्वतः भरणाऱ्याला नोकराची निष्ठा कितपत लागू करायची? या प्रश्नासाठी अमेरिकेकडे वळावे लागते, कारण एका ट्रकच्या मालकाचा प्रश्न जितक्या उघडपणे तिथे लढला गेला तितका क्वचितच कुठे लढला गेला असेल.

अमेरिका : मनाई उठली आणि प्रश्न उभा राहिला

१९३५ च्या मोटर कॅरियर कायद्याने अमेरिकेतली आंतरराज्य मालवाहतूक आंतरराज्य वाणिज्य आयोगाच्या ताब्यात दिली. कोणता माल, कोणत्या मार्गाने, कोणी न्यायचा, यासाठी परवाना लागू लागला. आधीपासून धंद्यात असलेल्यांना तो सहज मिळाला; नव्यांना फार कष्टाने. प्रक्रिया न केलेला शेतमाल तेवढा मोकळा होता. त्यामुळे स्वतःचा ट्रक असलेला माणूस भाजीपाला, फळे स्वतंत्रपणे नेई. पण परतीला कारखान्याचा माल हवा असेल, तर परवानाधारक कंपनीला गाडी भाडेपट्ट्याने द्यावी लागे. कारखान्याशी थेट बोलून तो माल उचलणे हा नीतीचा प्रश्नच नव्हता. तो गुन्हा होता.

आयोगाने या भाडेपट्ट्यांवर घातलेले नियम १९५३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरले. पण ट्रकवाल्यांची तक्रार धुमसत राहिली. १९७३-७४ च्या तेलटंचाईत आणि पुन्हा १९७९ मध्ये त्यांनी महामार्ग अडवले, गाड्या उभ्या केल्या. डिझेलचा भाव हे निमित्त होते. पण आपल्या कष्टाचे खरे मोल आपल्यापासून दडवले जाते, हे दुखणे जुने होते. त्याच काळात आयोगाने ‘भाडेपट्ट्यातील सचोटी’ म्हणून ओळखले जाणारे नियम आणले. करार लेखी हवा. कागदपत्रे दिल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यायला हवेत. आणि ट्रकवाल्याला भाड्याचा टक्का मिळत असेल, तर मूळ भाडेबिलाची प्रत त्याला दाखवायला हवी.

याच नियमात एक ओळ अशी आहे, की ती दाखवताना कंपनी माल पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव पुसू शकते. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. भाडे हा ट्रकवाल्याचा हक्क, म्हणून ते उघडे. गिऱ्हाईक ही कंपनीची मिळकत, म्हणून ते झाकले तरी चालेल. दोघांचे काय काय, याची वाटणी एका कागदावर झाली. ज्याच्या धक्क्यावर गाडी लावून माल भरायचा त्याचे नाव ट्रकवाल्याला ठाऊक असणारच. तरी तत्त्व म्हणून ती वाटणी महत्त्वाची आहे.

१ जुलै १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि परवाना मिळणे सोपे झाले. गिऱ्हाइकाकडे थेट जाणे आता गुन्हा नव्हते. आणि मनाई उठताच नीतीचा प्रश्न उभा राहिला. कंपन्या आणि दलाल करारात कलम घालू लागले : आमच्यामार्फत माहीत झालेले गिऱ्हाईक अमुक महिने परस्पर मागायचे नाही. कायद्याने सोडलेली गाठ कराराने पुन्हा बांधली गेली.

आपली बिल्टी

आता आपल्या बिल्टीकडे पाहू. त्यावर माल पाठवणाऱ्याचे नाव असते, घेणाऱ्याचे असते, नगांची संख्या आणि वजन असते. भाड्याच्या रकान्यात मात्र पुष्कळदा ‘टू बी बिल्ड’ एवढेच लिहिलेले असते; म्हणजे भाड्याचे बिल कंपनी नंतर परस्पर पाठवणार. अमेरिकी नियमाच्या हे बरोबर उलट झाले. गिऱ्हाइकाचे नाव ट्रकवाल्याच्या खिशात, आणि त्याच्याच घामाचे मोल त्याच्यापासून झाकलेले. ज्याला नाव दिसते आणि भाडे दिसत नाही, त्याच्या मनात काय येणार?

तरीही कंपनीला नुसती दलाल म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल. कारखाना दोन-दोन, तीन-तीन महिने पैसे देत नाही, तोवर गाडीवाल्याला डिझेलचा ॲडव्हान्स कंपनीच देते. माल भिजला, हरवला तर बिल्टी फाडणारी कंपनी जबाबदार असते. १८६५ च्या वाहक कायद्यापासून २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्यापर्यंत ती जबाबदारी चालत आली आहे. हा आजचा हुंडेकरी. जिथे तो जोखीम उचलतो, पत पुरवतो, तिथे त्याच्या ॲडव्हान्सवर भरलेल्या डिझेलने गाडी चालवत त्याचेच गिऱ्हाईक मागणे म्हणजे त्या दूधवाल्याचा शेवटचा दिवस. जिथे तो काहीच न करता नुसता मधे बसून असतो, तिथे त्याची अवस्था जकात उठल्यानंतरच्या हुंडेकऱ्यासारखी होणार. त्याला कोणतेही कलम वाचवणार नाही.

या सगळ्यातून मला दिसते ते एवढेच. बिल्टी दुसऱ्याची आणि माल आपल्या गाडीत, तोवर मागणे गैर. हिशेब मिटवून, सांगून बाहेर पडल्यावर, करारात दिलेला शब्द असेल तर तो पाळून, त्याच दारावर उघडपणे जाणे रास्त. आणि निष्ठा मागणाऱ्याने भाडे दाखवले पाहिजे. पहिली दोन बंधने गाडीवाल्यावर आहेत, तिसरे कंपनीवर. आपल्याकडे पहिल्या दोहोंचीच चर्चा होते.

अण्णांनी आपली दोन पाळली. शेठना सांगितले, ॲडव्हान्स फेडला. शेठनी बाकीचे भाडे देताना अडीच महिने फिरवले. तोवर कारखान्याचे काम दुसऱ्या एका गाडीवाल्याला मिळाले. त्याने कोणाचा हिशेब मिटवण्याची वाट पाहिली नव्हती. आई पुढे कधी कधी ते बोलून दाखवी. अण्णा ऐकून घेत. एकदाच म्हणाले, “त्यानं मला भाडं दाखवलं असतं, तर मी गेलोच नसतो.”

त्यांच्या जुन्या पेटीत त्या वर्षांच्या बिल्ट्यांच्या प्रती आहेत. कारखान्याचे नाव अजून स्पष्ट वाचता येते. भाड्याचा रकाना कोरा आहे.