खेळण्यातली गाडी पुस्तकांच्या ढिगाऱ्यावर का अडते?

मागच्या लेखात मी म्हटलं होतं, की तंत्रज्ञानाचा इतिहास अभ्यासणाऱ्याला खेळणी ही दस्तऐवजासारखी वाचता येतात. त्यावर बऱ्याच जणांचा प्रश्न आला, की खेळण्यात वाचायचं काय? आज त्याचं उत्तर एका प्रयोगातून देतो. हा प्रयोग तुम्हीही करू शकता.

लेगोच्या विटा घ्या. चार चाकं, एक मोटर, सहा पेन्सिल सेलचा बॅटरीचा डबा आणि हाताला लागतील ते गिअर. यातून साधी गाडी बनवा. फरशीवर ती छान पळेल. आता तिच्या वाटेत दोन-तीन जाडी पुस्तकं वेडीवाकडी टाका. गाडी अडेल. मोटर घुं-घुं करेल आणि चाक जागचं हलणार नाही, किंवा एक चाक हवेत गरागरा फिरेल आणि बाकीची ढिम्म राहतील, किंवा चाकं पुढे जातील आणि पोट पुस्तकाच्या कडेवर टेकून बसेल.

गंमत अशी की या तिन्ही अडचणींना खऱ्या मोटारींच्या इतिहासात जागा आहे. आधी माणसं अडली, मग त्यावर उपाय निघाले. पण हे उपाय एका शिडीच्या पायऱ्यांसारखे एकावर एक रचत गेले नाहीत. एका जमिनीवर जो उपाय, तोच दुसऱ्या जमिनीवर अपाय. माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणाचा सगळा भर यावर आहे, आणि ते समजायला ही पुस्तकांवर अडलेली गाडी फार उपयोगी पडते.

आधी थोडं आठ मिलिमीटरबद्दल

ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने डेन्मार्कमधल्या बिलुंड गावी १९३२ साली लाकडी खेळणी बनवायला सुरुवात केली. इंग्लंडच्या हिलरी पेज यांच्या 'किडिक्राफ्ट' विटांवरून सुचलेल्या प्लास्टिकच्या विटा १९४९ मध्ये आल्या. आतल्या नळ्यांमुळे घट्ट बसणाऱ्या, आज आपल्याला माहीत असलेल्या विटेचं पेटंट १९५८ चं. १९६२ मध्ये चाक आलं, १९६६ मध्ये ४.५ व्होल्टच्या मोटरवर चालणारी आगगाडी. म्हणजे गाडीला लागणारं बरंचसं सामान होतं. पण विटेच्या अंगातून फिरता दांडा आरपार नेण्याची सोय नव्हती. ती झाली १९७७ साली, जेव्हा बाजूला भोकं असलेल्या विटा आणि अधिकच्या चिन्हासारखा छेद असलेले अ‍ॅक्सल घेऊन नवी मालिका आली. तिलाच पुढे १९८० च्या दशकात 'टेक्निक' हे नाव मिळालं.

भोकं असलेली पट्टी ही कल्पना मात्र जुनी. फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये पेटंट घेतलेल्या, पुढे 'मेकॅनो' म्हणून जगभर गेलेल्या खेळण्यात दर अर्ध्या इंचावर भोक होतं. आपल्याकडच्या कित्येक घरांत ते पत्र्याचे हिरवे-लाल तुकडे आणि हरवलेले नट-बोल्ट आठवणारी माणसं असतील. लेगोमध्ये नट-बोल्ट नाहीत, आणि दोन भोकांमधलं अंतर आहे ८ मिलिमीटर.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण गिअरही त्याच्याच हिशेबाने बनलेत. टेक्निकच्या डब्यात आज ८, १६, २४ आणि ४० दात्यांचे गिअर सापडतात. दात्यांची संख्या निम्मी केली की मिलिमीटरमध्ये त्या गिअरची त्रिज्या मिळते. ८ दात्यांची ४, २४ दात्यांची १२. बेरीज १६, म्हणजे बरोब्बर दोन भोकं. ८ आणि ४० घ्या: ४ अधिक २०, म्हणजे २४, तीन भोकं. फूटपट्टीशिवाय, नुसती भोकं मोजून पोराला गिअर बसवता यावेत म्हणून कुणीतरी हा हिशेब आधीच करून ठेवलाय. उभ्या दिशेतही तसंच. वीट ९.६ मिलिमीटर उंच, पातळ पट्टी ३.२. दोन विटांच्या मध्ये दोन पट्ट्या घातल्या, की वरच्या आणि खालच्या भोकांमध्ये १६ मिलिमीटर, म्हणजे पुन्हा दोन भोकांचं अंतर. म्हणून उभा आधार चपखल बसतो आणि सांगाडा ताकदीचा होतो.

पहिली अडचण: मोटर घुं-घुं करते

आता गाडीकडे येऊ. समजा तिचं वजन ६०० ग्रॅम आहे आणि चाकाचा व्यास ६२ मिलिमीटर. पुस्तक तिरकं ठेवून ३० अंशांचा चढ केला, तर गाडीला वर ढकलायला साधारण २.९ न्यूटन बल लागतं. चाकाच्या त्रिज्येने गुणलं की कळतं, चाकांना एकूण फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, हवा सुमारे ९ न्यूटन-सेंटिमीटर.

२००७ साली आलेल्या 'पॉवर फंक्शन्स' मालिकेतली मध्यम आकाराची मोटर पूर्ण अडेपर्यंत सुमारे ११ न्यूटन-सेंटिमीटर जोर लावते. रिकामी फिरते मिनिटाला सुमारे ४०० फेरे. तुम्ही म्हणाल, ९ हवेत, ११ आहेत, मग झालं की! नाही झालं. मोटर आपल्या कमाल जोराच्या जवळ गेली की तिचा वेग जवळजवळ संपलेला असतो. त्यात गिअर आणि अ‍ॅक्सलचं घर्षण मिळवा, गाडी तिथेच बसली.

म्हणून मोटरवर ८ दात्यांचा आणि चाकाच्या अ‍ॅक्सलवर २४ दात्यांचा गिअर लावायचा. वेग तिसरा हिस्सा होतो, जोर तिप्पट. मोटर आता ११ ऐवजी ३३ पर्यंत जोर लावू शकते, आणि ९ हे तिला जड जात नाही. हिशेब केला तर गाडी चढावर सेकंदाला ३० सेंटिमीटरच्या आसपास चालेल. फरशीवरच्या शर्यतीत ही गाडी हरेल, पण पुस्तकावर चढेल. 'चांगली गाडी' ही गोष्ट जमीन विचारल्याशिवाय ठरत नाही, याची ही पहिली झलक.

दुसरी अडचण: एक चाक हवेत

इथे आपल्या बैलगाडीची आठवण काढू. बैलगाडीची चाकं आसाभोवती सुटी फिरतात. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरेल, आतलं कमी, कुणाची तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती इंजिनाने आस फिरवायचा आणि चाकं आसाला पक्की करायची म्हटल्यावर. दोन चाकांत १२ सेंटिमीटर अंतर असेल, तर एका पूर्ण वर्तुळात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ७५ सेंटिमीटर जास्त चालायला हवं. पण दोन्ही एकाच आसावर जखडलेली. मग एक फरपटतं.

यावर मोटारगाडीच्याही आधी, १८२० च्या दशकात, ओनेसिफोर पेकेर या फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी उपाय काढला: डिफरन्शियल. आस मधोमध तोडायचा आणि दोन अर्ध्यांच्या मध्ये गिअर असे बसवायचे, की इंजिन दोघांनाही फिरवेल, पण दोघं आपापल्या वेगाने फिरू शकतील. मोटारीच्या इतिहासातला हा फार देखणा शोध.

लेगोच्या १९७७ च्या मोटारीच्या सांगाड्यात, संच क्रमांक ८५३ मध्ये, स्टिअरिंग होतं, वर-खाली होणारे पिस्टन होते, पण डिफरन्शियल नव्हतं. ते आलं १९८० च्या ८८६० या संचात. कोणीही म्हणेल, वा, प्रगती! रस्त्यावरच्या मोटारीसाठी खरंच प्रगती.

आता तेच डिफरन्शियल घालून गाडी पुस्तकांवर न्या. एक चाक उचललं जातं. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, आणि हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही. मग जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळपास शून्य, जोर मिळतो. उचललेलं चाक भिरभिरतं आणि गाडी उभी. ते काढून सरळ अ‍ॅक्सल घाला, गाडी चढून जाते.

खऱ्या गाड्यांनीही हेच केलं. अमेरिकी सैन्यासाठी १९४० साली बॅन्टम कंपनीत आकाराला आलेली आणि नंतर विलीज आणि फोर्डने हजारोंनी बनवलेली जीप घ्या. हीच विलीज जीप १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत जोडायला घेतली आणि आपल्या गावोगावच्या कच्च्या रस्त्यांवर पोचली. तिच्या पुढच्या आणि मागच्या आसात डिफरन्शियल आहे, पण त्या दोघांच्या मध्ये मुद्दाम नाही. फोर-व्हीलचा दांडा टाकला की पुढचा आणि मागचा भाग एकत्र जखडले जातात. डांबरी रस्त्यावर असं चालवणं वाईट, पण चिखलात चालतं, कारण चिखल चाकाला हवं तेवढं घसरू देतो.

तिसरी अडचण: पोट टेकतं

चाकं मोठी करून पोट उचलता येतं. पण चाक मोठं झालं की लागणारा जोरही वाढतो, आणि आपण पुन्हा पहिल्या अडचणीवर. गिअरची आणखी एक जोडी घालून जोर नऊपट केला, तर प्लास्टिकचा लांब अ‍ॅक्सल पिळवटायला लागतो.

नेमकी हीच गाठ युद्धानंतरच्या जर्मनीत आल्बर्ट फ्रीडरिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवली. त्यांना शेतात चालणारी गाडी हवी होती. १९४६ मध्ये नमुना तयार झाला, १९४८ मध्ये उत्पादन सुरू. नाव उनिमोग. तिच्या डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर १२७० मिलिमीटर ठेवलं होतं, कारण बटाट्याच्या दोन सऱ्यांचं माप तेवढं! खाली पीक उभं, म्हणून पोट उंच हवं. त्यांनी आस चाकाच्या मध्यापेक्षा वर नेला आणि चाकापाशी गिअर बसवून फिरणं खाली आणलं. याला पोर्टल अ‍ॅक्सल म्हणतात. पोट उचललं गेलंच, शिवाय जोर वाढवण्याचं शेवटचं काम चाकापाशी झाल्यामुळे मधल्या दांड्यांवरचा ताण कमी झाला.

तुमच्या गाडीत हे सहज जमतं. अ‍ॅक्सलच्या टोकाला ८ दात्यांचा गिअर, त्याच्या बरोबर खाली दोन भोकांवर चाकाचा २४ दात्यांचा. पोट १६ मिलिमीटर वर गेलं, जोर तिप्पट झाला, आणि लांब अ‍ॅक्सलला पूर्वीच्या एक-तृतीयांशच पीळ सोसायचा आहे. बटाट्याच्या शेतातला उपाय तुमच्या फरशीवर!

मग खेळणं वाचायचं कसं?

२०११ साली लेगोने उनिमोगचाच संच काढला, ८११० क्रमांकाचा, आणि त्यात पोर्टल अ‍ॅक्सलचा तयार भाग दिला. २०१२ च्या '४×४ क्रॉलर'मध्ये तो पुन्हा दिसतो. २०१९ च्या फोनवरून चालणाऱ्या ऑफ-रोडरमध्ये तर चाकाच्या तुंब्यातच ग्रहमालेसारखी गिअरची रचना बंद करून दिली आहे.

इथे अभ्यासकाची एक चूक होऊ शकते, आणि माझ्या पहिल्या मसुद्यात मी ती केली होती. 'पोर्टल अ‍ॅक्सल खेळण्यात २०११ मध्ये आला' असं मी लिहून मोकळा झालो. पण आत्ताच तुम्ही तो दोन गिअर आणि चार विटांतून बनवलात! १९७७ नंतर कोणत्याही पोराला तो बनवता येत होता. कॅटलॉग फक्त एवढंच सांगतो, की अमुक साली हे उत्तर तयार मिळू लागलं. प्रश्न कुणाकुणाला आधीच पडला होता, त्याची नोंद कॅटलॉगमध्ये नसते. संग्रहालयातल्या यंत्रांनाही हेच लागू आहे, म्हणून ही चूक दुरुस्त करणं मला महत्त्वाचं वाटतं.

तयार भाग वाईट असं मी म्हणत नाही. तो मजबूत असतो, आणि त्याच्यामुळे पुढचं काहीतरी मोठं बांधता येतं. पण बंद तुंबा हातात आलेल्या मुलाला तो तिथे का आहे हे कळायला कारण उरत नाही. गाडी न अडताच पुस्तकावरून निघून जाते.

तेव्हा घरी करून पाहायचं असेल तर क्रम उलटा ठेवा. आधी मोटर थेट चाकाला जोडा आणि गाडी अडू द्या. मग गिअर. मग डिफरन्शियल घाला, एक चाक उचलू द्या, आणि ते काढा. शेवटी पोट टेकलं की पोर्टल. सोबत लहान भाचा-पुतण्या असेल तर त्याला आधी उत्तर सांगू नका. तो बहुतेक पुस्तकंच बाजूला करेल. रस्ता सपाट करणं हाही मोटारीच्या इतिहासातला एक मोठा उपाय आहे, आणि पुढचा लेख त्याच्यावरच.